गावात अडीनडीला पैसे कुठून उभे करता? सोसायटी, पतसंस्था, भिशी की सावकार?

भोगावती_काठ
नमस्कार मंडळी. राधानगरी तालुक्यातलं गाव. घरात आई-वडील, मी आणि धाकटी बहीण. परवाच्या पावसात परड्याकडची मातीची भिंत बसली. कुणाला लागलं नाही. सध्या ताडपत्री मारून चाललंय. गवंडी म्हणतो पाया, भिंत आणि त्या बाजूचे पत्रे धरून लाखभर तरी लागतील.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. बँकेत विचारलं तर 'सिबिल मायनस वन दाखवतंय' म्हणाले. म्हणजे आजवर कर्ज काढलं नाही म्हणून आता कर्ज नाही. पाऊण एकर ऊस आहे, पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली.

गावात तीन वाटा दिसतात. पतसंस्था दोन जामीन मागते. तरुण मंडळाची भिशी सभासदाला महिना दोन टक्क्यानं देते. आणि एक गृहस्थ आहेत, ते 'उद्या सकाळी घेऊन जा' म्हणतात. महिन्याला चार टक्के, आणि पहिल्या दोन महिन्यांचं व्याज आधीच कापून. ऊस जानेवारीत जाईल. तुमच्याकडं लोक काय करतात? अनुभव सांगा, उपदेश नको. (होणार हे माहीत आहे.)

झणझणीत
सिबिलचं म्हणजे 'आधी लग्न झालेलं नाही म्हणून मुलगी देत नाही' असली तऱ्हा आहे.

गुळाची_ढेप
आधी एक सांग, पंचनामा केलास काय? तलाठ्याला कळवून फोटो काढून ठेव. कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला मदत चार हजारांच्या आसपास असते. त्यात पत्र्याचे स्क्रूसुद्धा येत नाहीत म्हण, पण हक्काचं कशाला सोडायचं.

पुण्यातला_कोल्हापूरकर
हल्ली मोबाईलवर पाच मिनिटांत लोन मिळतं की. गावात कशाला हात पसरायचे?

दत्तू_इंजिनिअर
@पुण्यातला_कोल्हापूरकर, आमच्या शिफ्टमधल्या पोरानं घेतलं होतं असलं. हप्ता चुकला आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज गेले, त्याच्या मामालासुद्धा. रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसणारी कंपनी असेल तर कर्ज देण्याआधी सगळे खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात ते एका पानावर लिहून द्यावं लागतं. ते पान मागायचं. देत नसतील तर अॅप काढून टाकायचं.

माई_गडहिंग्लज
बाळा, आई बचत गटात आहे का ते सांगितलं नाहीस. आमच्या गटातसुद्धा दोन टक्केच व्याज आहे, म्हणजे वर्षाला चोवीस. ऐकायला जास्त वाटतं, पण ते व्याज आमच्याच गटात राहतं. आणि गट जुना असेल, वह्या नीट असतील तर बँक गटाला कर्ज देते. उमेदच्या, म्हणजे सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांना तीन लाखांपर्यंत सात टक्क्यानं मिळतं. ते पैसे गटातल्या बायका वाटून घेतात. चाळीस-पन्नास हजार आईच्या वाट्याला येऊ शकतात.

फक्त मायक्रोफायनान्सवाले गट आणि आपला बचत गट एक समजू नकोस. त्यांच्यात बचत नसते, नुसतं कर्ज असतं. एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या नऊजणींना बसवून ठेवतात. आमच्या गल्लीत एका कंपनीचा माणूस दिवेलागण झाली तरी उंबऱ्यावरनं हलायचा नाही. शेवटी शेजारणीनं पाटल्या ठेवून त्या बाईचा हप्ता भरला.

भोगावती_काठ
@माई, आई गटात आहे, पण गट दीड वर्ष बंद पडल्यागत आहे. अध्यक्ष आणि सचिव जावाजावा आहेत, त्यांचं वाजलंय.

माई_गडहिंग्लज
मग राहू दे. वह्या कुणाच्या घरात आहेत यावरनंच भांडण असणार.

भोगावती_काठ
अगदी तेच.

सचिव_निवृत्त
विकास सेवा सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, गटसचिव म्हणून हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोसायटीचं पीककर्ज सर्वांत स्वस्त. तीन लाखांपर्यंत वेळेत परतफेड केली तर शेतकऱ्याला शून्य टक्के पडतं, व्याज सरकार सोसतं. पण ते पिकासाठी असतं, भिंतीसाठी नव्हे. लोक काय करतात ते मलाही माहीत आहे, मी इथं लिहिणार नाही. सरळ मार्ग असा, की खत, उसाची लागण, मशागत यांना घरचे पैसे जातात ते पीककर्जातून भागवायचे आणि घरचे पैसे घराला लावायचे. मात्र त्यासाठी सातबारा नावावर पाहिजे. तुझी खरी अडचण भिंत नाही, वारस नोंद आहे. नोंद नाही म्हणून सोसायटीचं सभासदत्व नाही, सभासदत्व नाही म्हणून शून्य टक्क्याचं कर्ज नाही, आणि म्हणून तू चार टक्केवाल्याच्या दारात. ई-हक्कवर अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड जोड. नोटीस काढल्यावर हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे या पावसाळ्यात उपयोग नाही. पण आज अर्ज केलास तर पुढच्या लागणीला तरी होईल.

दुसरं, परतफेड. आपल्याकडं पैसा ऊस गेल्यावर येतो. कायद्यानं ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असते, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा कुणी 'डिसेंबरला देतो' म्हणत असेल तर मी वहीत मार्च लिहून घेत असे.

झणझणीत
काका निवृत्त झाले पण सचिव राहिलेच.

पाटाकडचा
सगळ्यांनी सावकाराला शिव्या घालायच्या आधी जरा थांबा. माझं गाव पन्हाळ्याच्या अंगाला. रात्री दोन वाजता वडिलांना कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात न्यायचं झालं तर कुठल्या पतसंस्थेचं शटर उघडतं? आमच्या गावातला माणूस नुसत्या बंडीनिशी दारात उभा राहून वीस हजार काढून देतो. कागद नाही, जामीन नाही. तीन टक्के घेतो म्हणून तो वाईट? त्याचं पण बुडतंच की कुठंतरी.

बाररूम
@पाटाकडचा, रात्री दोनला वीस हजार देणाऱ्याबद्दल मलाही राग नाही. पण भिंत रात्री दोनची अडचण नाही. आणि कायदा काय म्हणतो ते एकदा इथं असू दे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. व्याजानं पैसे देण्याचा धंदा करायचा तर सहकार खात्याच्या निबंधकाकडून परवाना लागतो. परवानाधारकालाही व्याजाची मर्यादा आहे. शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला नऊ टक्के, बिनतारणी बारा. बिगरशेतकऱ्याला पंधरा आणि अठरा. हे टक्के वर्षाचे आहेत, महिन्याचे नव्हेत. चक्रवाढ लावता येत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता तुझा हिशेब. एक लाख, चार टक्के, सात महिने. व्याज अठ्ठावीस हजार, त्यातले आठ हजार आधीच कापलेले, म्हणजे हातात ब्याण्णव. परवानाधारकानं बारा टक्क्यानं दिले असते तर त्याच सात महिन्यांचे सात हजार झाले असते.

आणि एक. तो कागद कसला मागतोय? कोरा चेक? कोरा स्टँप? की 'नुसतं नावाला खरेदीपत्र करून ठेवू, पैसे दिलेस की उलटं करून देतो'?

भोगावती_काठ
@बाररूम, वडिलांच्या सहीचे दोन चेक म्हणाला होता, रक्कम न टाकता. खरेदीचं काही बोलला नाही. जमीन नावावर नाही म्हणून असेल.

बाररूम
मग आजोबांनी तुम्हाला वाचवलं म्हणायचं.

खरेदीखताचा प्रकार ज्यांच्यासोबत झालाय त्यांच्यासाठी सांगतो. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल आणि अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला तो व्यवहार असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडं कलम १८ खाली अर्ज करता येतो. चौकशीत तो व्यवहार सावकारीतला निघाला तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देता येते. कज्जा सोपा नाही, साक्षीला गावातलं कुणी पुढं येत नाही. तरी पैसे बँकेतून दिले-घेतले असतील तर तेच बोलतात. म्हणून रोखीत देऊ नका, एक-एक हजार दिले तरी खात्यावरून द्या.

इतिहासाचा_किडा
१८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. सावकारांच्या घरातले कर्जरोखे आणि वह्या काढून जाळल्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि पुढं १९०४ ला सहकारी पतपेढ्यांचा. म्हणजे आपली सोसायटी नावाची वस्तू त्या जाळलेल्या वह्यांतून आली म्हणायला हरकत नाही.

पाटाकडचा
आता वह्या जाळून काय उपयोग, चेक वटतो की.

अक्का_कागल
भिशीचं कुणी बोलेना म्हणून मी लिहिते. आमच्या गल्लीतली भिशी रविवारी संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बसते. आठवड्याला दोनशे, चुकलं की दहा रुपये दंड, आणि तो दंड माफ करायचा अधिकार अध्यक्षालाही नाही. लांबट वही, रेघा मारलेली, ज्याचे आले त्याच्या नावापुढं बरोबरची खूण. जमलेले पैसे त्याच बैठकीत कर्जाऊ वाटतात, पेटीत पडून ठेवत नाहीत. सभासदाला दोन टक्के. बाहेरच्याला तीन, तेही सभासद जामीन राहिला तर. दिवाळीच्या आधी सगळं कर्ज वसूल करून भिशी फोडतात, हप्ता अधिक व्याज वाटून टाकतात. वर तेलाचा डबा, साखर, आणि मटणाचं जेवण.

तेव्हा भोगावती, तुझा ऊस जानेवारीत आणि भिशी फुटणार दिवाळीला. आता घेतलेस तर तीन-साडेतीन महिन्यांत सगळे परत. मुदत वाढवून कुणी देत नाही, कारण चाळीस घरची दिवाळी त्यावर असते. तुला भिशीचे पैसे परवडतील पण भिशीची तारीख परवडणार नाही.

झणझणीत
आमच्याकडं एका वर्षी भिशी फुटायच्या आधी भिशीवालाच फुटला. मटण सोडा, वहीसुद्धा घेऊन गेला.

अक्का_कागल
म्हणून आमची वही एकाकडं, पेटी दुसऱ्याकडं आणि किल्ली तिसऱ्याकडं.

बाररूम
बाहेरच्याला तीन टक्क्यानं देणारी भिशी कायद्याच्या नजरेनं सावकारीच्या काठावर उभी आहे, एवढं लक्षात असू द्या.

अक्का_कागल
वकीलसाहेब, आम्हाला कायदा लावणार आणि चार टक्केवाला बुलेटवरनं फिरणार, असंच ना?

बाररूम
मी फक्त काठ दाखवला हो.

शिरोळचा_मळेवाला
बाजारात 'डायरी'वाले असतात त्यांच्यापासून सांभाळा. नऊ हजार हातात, रोज शंभर, शंभर दिवस. लोकांना वाटतं नऊ हजाराला हजार, म्हणजे अकरा टक्के. पण तुम्ही रोज मुद्दल परत करताय, त्यामुळे सरासरी तुमच्याकडं साडेचार हजारच राहतात. साडेचार हजारावर शंभर दिवसांत हजार. वर्षाचं काढलं तर ऐंशी टक्क्यांच्या जवळ जातं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं हे डायरीवाले दारोदार आले होते. घरात चिखल, शासनाची मदत यायची, आणि हे पिशवी घेऊन उभे. भाजीवाल्या, पानटपऱ्या, सगळ्यांनी घेतलं. कोण नको म्हणणार?

गोठा_नं_१
म्हैस आहे म्हणालास ना भावा? (आता म्हणाला नसशील तर परड्याकडं काय आहे ते सांग.) दूध संस्थेत विचार. दहा दिवसाला बिल येतं त्यातनं कपात करून घेतात, आमची संस्था जुन्या उत्पादकाला वीस-पंचवीस हजार उचल देते. सणाच्या आधी तर रांग असते. भिंत होणार नाही, पण पत्रे होतील.

भोगावती_काठ
@गोठा_नं_१, एक म्हैस आहे, आटत आलीय. तरी विचारतो.

तांबडा_रस्सा
पतसंस्थेबद्दल लिहितो, कारण सगळे तिथंच येणार आहेत शेवटी.

आमच्या भागात पतसंस्था तेरा-चौदा टक्क्यानं देतात. आधी सभासद व्हावं लागतं, कर्जातून शेअर्सची रक्कम कापतात, प्रोसेसिंग, स्टँप, विमा हे वेगळं. लाख मंजूर झाले तर हातात किती पडणार ते आधी विचारायचं. व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिल्लकेवर हे दुसरं. 'फ्लॅट दहा' हे 'घटता चौदा'पेक्षा महाग असतं, आणि काउंटरवरचा पोरगा फ्लॅटच सांगतो कारण आकडा लहान दिसतो.

पण मुख्य भानगड जामीन. माझ्या मेहुण्यानं आतेभावाला जामीन दिला. आतेभाऊ मुंबईला गेला आणि फोन उचलेना. संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणला आणि मेहुण्याच्या पगारातून कपात सुरू. तो संस्थेच्या वसुली साहेबाला म्हणाला, 'आधी ज्यानं घेतले त्याच्याकडं जा.' साहेब म्हणाला, 'त्याच्याकडं जायला भाडं लागतं, तुम्ही इथंच आहात.' आणि कायद्यानं ते बरोबर आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज केव्हाच फिटलं, पण मेहुणा आणि आतेभाऊ अजून एका पंगतीला बसत नाहीत. आत्या दोघांच्या मधल्या मध्ये.

सावकार कागद मागत नाही, संस्था जामीन मागते, आणि जामीन म्हणजे चुलता नाहीतर मित्र. त्याचं व्याज कुठल्याच पासबुकात छापून येत नाही.

सचिव_निवृत्त
@तांबडा_रस्सा, शेवटचं वाक्य पटलं. भर एवढीच, की जामीन मागायला जाताना मंजुरीपत्राची झेरॉक्स घेऊन जावं. किती रक्कम, किती हप्ते, हे जामीनदाराला कळलं पाहिजे. आमच्याकडं कोऱ्या फॉर्मवर सह्या करून जाणारे महाभाग येत. मी परत पाठवत असे, तर मलाच म्हणत 'विश्वास नाही का?'

दत्तू_इंजिनिअर
भिंत कशाची बांधतोयस? तुमच्या भागात जांभा चिरा मिळतो. विटेपेक्षा पावसाला बरा.

गुळाची_ढेप
चिऱ्याचं वाहतूक भाडं बघितलंस काय? वीट स्वस्त पडते.

दत्तू_इंजिनिअर
परड्याकडची बाजू आहे, वीट गिलाव्याशिवाय ओल धरणार. गिलाव्याचे पैसे धर की त्यात.

माई_गडहिंग्लज
विषयावर या रे. आणि मला एक कळेना, सोन्याचं अजून कुणीच का बोललं नाही? घरात दोन-तीन तोळे असतील की नाही?

पाटाकडचा
माई, भिंतीसाठी आईचं मंगळसूत्र ठेवायचं?

माई_गडहिंग्लज
मंगळसूत्र कोण म्हणालं? पाटल्या, एखादी मोहनमाळ, जे कपाटात बसून आहे ते. माझ्या सासूनं गुजरीतनं, कोल्हापूरच्या सराफ बाजारातनं, प्रत्येक डाग म्हणजे दागिना घेतला तो 'उद्या ठेवता येईल' असं बघून, म्हणून नक्षी कमी आणि वजन जास्त. बँकेत ठेवलं की सिबिल बघायला बसत नाहीत, जामीन लागत नाही, दुपारपर्यंत पैसे मिळतात. व्याज वर्षाला नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास. ऊस गेला की सोडवायचं. पावतीवर प्रत्येक डागाचं वजन, खडे किती, सगळं लिहिलंय का ते तिथंच वाचायचं, घरी येऊन नाही. आणि मुदत संपायच्या आत निदान व्याज भरून यायचं, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

चुलत्यापुढं जामीन म्हणून उभं राहण्यापेक्षा कपाटातला डाग बरा. तो नंतर लग्नात टोमणे मारत नाही.

तांबडा_रस्सा
माईंना माझ्याकडनं एक वाटी जास्त.

पाटाकडचा
पटलं माई. पण ज्याच्याकडं सोनं नाही, सातबारा नाही, पगार नाही, त्यानं काय करायचं? माझा मुद्दा तोच होता. आमच्या गावात ऊसतोडीला येणारे, गवंड्याच्या हाताखालचे, यांना कुठली सोसायटी दारात उभं करते?

सचिव_निवृत्त
याला माझ्याकडं उत्तर नाही. सोसायटी जमिनीवर उभी आहे. ज्याला जमीन नाही तो आमच्या वहीत कधी आलाच नाही.

अक्का_कागल
आमच्या भिशीत आहेत असे सहाजण. दोनशे जमत नाहीत म्हणून दोघा-दोघांत एक नाव घेतलंय. तरी पहिल्या वर्षी कर्ज देत नाही, दुसऱ्या वर्षी देतो.

भोगावती_काठ
मंडळी, इतकं लिहिलंत, आभार. काय झालं ते सांगतो.

आईला सोन्याचं विचारायचं धाडस होत नव्हतं. माईंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती उठली आणि डबा घेऊन आली, म्हणाली 'मी कधीची वाट बघतेय कुणी विचारतंय का.' साठ हजार बँकेतनं सोनेतारण मिळाले. दूध संस्थेनं पंधरा दिले, म्हैस आटत आलीय तरी वडिलांचं नाव जुनं म्हणून. बाकीचं गवंडी ऊस गेल्यावर घेणार आहे, तो गावचाच आहे. फक्त मजुरांचा पगार दर शनिवारी द्यायचा. त्यामुळं जामीन टळला. पंचनामाही झालाय, पैसे आले की सांगतो.

चार टक्केवाल्याला नको म्हणून सांगितलं. रागावला नाही. 'बरं, पुढच्या खेपेला' म्हणाला.

वारस नोंदीत मात्र गाडी अडलीय. आत्या दोन, एक इचलकरंजीत, एक बेळगावला. सही द्यायला दोघींची ना नाही, पण 'आमच्या हिश्शाचं काय ते एकदा बसून बोलू' म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच आहे.

@दत्तू, चिराच घेतला.

गुळाची_ढेप
भाडं किती पडलं ते सांग.

भोगावती_काठ
विचारू नका.

बाररूम
आत्यांचा हिस्सा कायद्यानं आहेच. नोंदीला सगळ्या वारसांची नावं लावून घे, वाटपाचं नंतर बघा. नोंद म्हणजे वाटणी नव्हे हे दोघींना समजावून सांग, म्हणजे नोंद तरी पुढं सरकेल.

नवा_गडी
नमस्कार, आजच सभासद झालो. मला बहिणीच्या लग्नाला चार लाख पाहिजेत, कोण देईल?

सचिव_निवृत्त
वेगळा धागा काढा. त्यात लग्नाची तारीख लिहा, आणि ऊस कुठल्या महिन्यात जातो तेही. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते पहिल्याच ओळीत.